बुजरा गार्ड

बंदूक घेऊन दिवसभर दारात स्टुलावर बसायचं, हे काम बघणाऱ्याला फुकटच्या पगाराचं वाटतं. वाटू द्या. नऊ तास काही घडू नये म्हणून बसून राहणं काय असतं, ते बसणाऱ्यालाच ठाऊक. पाय जड होतात, कंबर धरते, डोळ्यांवर झापड येते आणि ती आलेली दिसूही द्यायची नसते. संध्याकाळी बायको विचारते, आज काय झालं बँकेत? तर सांगायला एक अक्षर नसतं. काही झालं नाही, यासाठीच मला ठेवलेलं आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका बँकेच्या शाखेत मी अकरा वर्षं गार्ड आहे. शाखेच्या गावाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला बट्टा कशाला. राहायला चौसाळ्याला, भाड्याच्या दोन खोल्यांत. मूळ गाव नांदूरघाटाकडचं. त्याआधी सतरा वर्षं फौजेत काढली. फौजेत होतो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, कुठं, बर्फात का? बर्फातच होतो. पण भटारखान्यात. सतरा वर्षं मी जवानांसाठी पोळ्या लाटल्या, डाळीला फोडण्या घातल्या, आणि वर्षातून एकदा सगळ्यांबरोबर रायफल घेऊन चांदमारीला, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर जाऊन यायचो. रिटायर होऊन गावात आलो तेव्हा विहारासमोर सत्कार झाला. भाषण करणाऱ्यानं मला शत्रूशी दोन हात केलेला वीर करून टाकलं आणि मी गळ्यात हार घालून गप्प उभा राहिलो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. आता पन्नाशीला टेकल्यावर कुठं निस्तरत बसू?

बँकेच्या गार्डाला स्वतःची, परवान्याची बंदूक लागते. मी एक जुनी बाराबोअरची दुनळी घेतली. आणि दरसाल बीडला पोलिसांच्या चांदमारीवर जाऊन पाच काडतुसं उडवून दाखवावी लागतात. तिथल्या हवालदाराची सही झाली की ज्या एजन्सीनं आम्हाला बँकेत लावलं ती पुढचं वर्ष कामावर ठेवते. सही नाही तर बंदूक म्हणजे लोखंडी काठी, आणि मी एटीएमच्या दारात, तेही जागा रिकामी असली तर. पोरगी बीडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे त्या सहीवर काय काय टांगलेलं होतं ते सांगायला नको.

पहिल्या वर्षी मी गेलो ते फौजीच्या तोऱ्यात. बंदूक ती बंदूक, त्यात काय! रायफलीचा दणका मला माहीत होता. तिथं गेल्यावर बाकीचे गार्ड म्हणाले, दुनळी लई जोरात मारती, जरा सांभाळून. झालं. मनात ते शब्द बसले आणि मी दस्ता, म्हणजे बंदुकीचं मागचं लाकूड, खांद्यापासून दोन बोटं लांब धरला. लांब धरला की कमी लागेल, असा माझा हिशेब. चाप ओढला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसायच्या ऐवजी दंडाच्या हाडावर आदळला आणि उसळून गालफडावर. घरी आलो तर दंड वांग्यासारखा. बायको आंबेहळद उगाळून लावत होती.

"सतरा वरसं फौजेत काय केलं हो तुमी?"

"पोळ्या."

"मंग लाटणंच घ्यायचं खांद्यावर. बंदूक कावून घेतली?"

हाताची सूज उतरली, पण अंगाला जे कळायचं ते कळून चुकलं होतं. त्यानंतर चापाला बोट लागलं रे लागलं की माझे डोळे मिटायचे, मान आत जायची, खांदा पुढं यायचा आणि डावा हात नळीला खाली दाबायचा. हे सगळं बंदूक वाजायच्या आधी. मला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. मला वाटायचं मी नेम धरून मारतोय. जयंतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब वाजायच्या आधीच, नुसती वात पेटलेली दिसली तरी मी डोळे मिटून घ्यायचो आणि पोरं हसायची, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नऊ-दहा वर्षं तशीच निभावली. चांदमारीवरचा जुना जमादार खुर्चीत बसून कान झाकायचा. पाच आवाज मोजायचा आणि म्हणायचा, "वाजली का? वाजली. जावा." पुढच्या कागदापर्यंत चालत जाऊन बघायची कुणाला हौस? माझे छर्रे निम्म्या वाटेवर जमिनीत जात होते. तिथली कुसळं मी दरसाल भादरत होतो म्हणा.

गेल्या साली जमादार बदलून नवा हवालदार आला. चष्मेवाला, बारीक आवाजाचा, आमच्यासारखाच गुराढोरांत वाढलेला वाटावा असा. माझी पाचही काडतुसं उडाल्यावर हा बाबा उठला आणि सरळ कागदाकडं चालायला लागला. पंचवीस पावलांवर फळीला माणसाचं काळं चित्र चिकटवलेलं असतं, डोक्यापासून कमरेपर्यंत. त्यानं चष्मा वर करून ते चित्र वरून खालपर्यंत बघितलं.

"काका, ह्या माणसाला तर वाराबी लागला न्हाई की."

मागं बसलेले गार्ड खुसखुसले. मी म्हणालो, माशी हलली असेल, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी. त्यानं माझ्या हातातली बंदूक घेतली, पाठ फिरवून भरली, खटकन बंद केली आणि परत दिली.

"मारा."

मी नेम धरला. चाप ओढला. टिक्. एवढाच आवाज. त्यानं आत वाजलेली, रिकामी काडतुसं घातली होती. पण नळी वीतभर खाली गेली होती आणि माझे डोळे गच्च मिटलेले होते, आणि हे सगळ्यांनी उघड्या डोळ्यांनी बघितलं.

"बंदूक तर वाजलीच न्हाई. तुमी कावून हालले?"

आता मात्र मागचे पोट धरून हसायला लागले. एकजण म्हणाला, "फौजी हायत बे ते!" त्यावर आणखी हसले. हवालदार हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, "काका, तुमी बुजता."

पुस्तकात बुजरा म्हणजे लाजाळू लेकरू असतं. आमच्याकडं बुजणं हे बैलाचं. नेकनूरच्या बाजारात बैल घ्यायचा तर जाणता माणूस त्याच्या तोंडापुढं फाटकन छत्री उघडतो, नाहीतर धोतराचा सोगा झटकतो. बैल मागं सरला, की बुजरा. मग तो कितीही धिप्पाड असू द्या, गिऱ्हाइकाविना दावणीला तसाच उभा राहतो. माणसाला भित्रा म्हटलं तर एक वेळ चालतं. बुजरा म्हटलं म्हणजे जनावराच्या दावणीला बांधलं. मला इतकी शरम वाटली की मी त्याच्याकडं बघूच शकलो नाही.

तो म्हणाला, "पंधरा दिवसांनी या. पाचातली तीन लागली पायजेत. न्हाई लागली तर सही करणार न्हाई. तुमच्यावर माझा राग न्हाई काका. पर गोळी कुठं जाती हे ज्याला ठावं न्हाई, त्याला बँकेच्या दारात कसा बसवू?"

खोटं बोलला असता तर भांडलो असतो. खरं बोलला, म्हणून बंदूक पिशवीत घालून स्टँडवर गेलो आणि बसमध्ये उभ्यानं चौसाळ्याला आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार, पुन्हा बीड. जुन्या गावात एका बोळात एक चाचा आहेत. बापापासून बंदूकदुरुस्तीचं दुकान. आता परवानेवाले कमी झाले, म्हणून शिलाई मशीन आणि कुलपंही करतात. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं बघितलं.

"काय मियाँ, घोडा अडकला का?"

"बंदूक चांगली हाय चाचा. मीच बिघडलोय."

चाचा खूश झाले. नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री केली आणि मला भिंतीकडं तोंड करून बंदूक धरायला लावली. बराच वेळ नुसतं बघत राहिले. मग उठून आले आणि दस्ता आणि माझा खांदा यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घातली.

"ही फट दिसती का? दणका ह्या फटीतून पळत येतो आन् मंग मारतो. फटच ठेवू नका. बंदूक दूर धरली की मारती. जवळ घेतली की नुसती ढकलती."

"मला वाटायचं, लांब धरली की कमी लागंल."

"सगळ्यांनाच वाटतं. आमच्या वालिदसाबकडं मोठेमोठे देशमुख यायचे, त्यांनाबी हेच वाटायचं."

मग त्यांनी मला एखाद्या लेकराला उभं करावं तसं उभं केलं. डावा पाय पुढं, गुडघा जरा सैल. अंग पुढं झुकलेलं, मागं रेललेलं नाही. दस्ता गळ्याखालच्या हाडाच्या आणि खांद्याच्या मधल्या खोबणीत गच्च. गाल लाकडाला टेकलेला. अर्धा श्वास सोडायचा आणि तिथंच थांबायचं. चापाचं तर त्यांनी दहादा सांगितलं. ओढायचा नाही. दाबत जायचं, लिंबू पिळल्यागत. "कधी वाजंल ते तुमालाबी कळायला नको. कळलं की अंग तयारीला लागतं, आन् तयारीला लागलं की बुजतं." शेवटी माझा उजवा अंगठा धरून सेफ्टीच्या खटक्यावर ठेवला. बंदूक खांद्याला लागली की अंगठ्यानं खटका पुढं सारायचा, आपोआप, विचार न करता. दोन कामं नाहीत, एकच काम म्हणून शिका, म्हणाले. डोक्याला मधी आणू नका, डोकंच बुजतं, हात बिचारे बुजत नाहीत.

दोन वाजलेली काडतुसं त्यांनी मला दिली. ती नळीत घालायची, म्हणजे चाप दाबला तरी आतल्या, काडतुसावर आपटणाऱ्या टोच्याला इजा होत नाही. नळीवर काडीपेटी ठेवायची आणि चाप दाबायचा. पेटी पडली नाही पाहिजे. रोज शंभर वेळा.

हे चाचाला सांगायला काय जातं! नऊ तास स्टुलावर काढून आल्यावर साडेतीन-चार किलोचं धूड शंभर वेळा खांद्याला लावा म्हणजे कळेल. पहिल्या दिवशी काडीपेटी पंचवीस वेळा पडली, मग मी मोजणं सोडलं. बायको चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी राहून बघत होती. तिच्या लक्षात भलतंच आलं.

"वाजणार न्हाई हे तुमाला ठावं हाय, म्हणून उद्या-परवा पेटी राहीलबी. तिथं वाजल्यावर पुन्ना पहिले पाढे पंचावन्न."

तिच्या माहेरी एक बुजरा खोंड होता. तिच्या बापानं त्याला विकला नाही. रोज सरकीची पाटी पुढं ठेवायचा आणि खोंडानं तोंड घातलं की शेजारी पत्र्याचा डबा वाजवायचा. महिनाभरात खोंड असा झाला की डफ वाजवा नाहीतर ट्रॅक्टर आणा, मान वर करायचा नाही. ते ध्यानात धरून ही बया दुसऱ्या दिवशी माझ्या मागं परात घेऊन उभी. मी चापाला बोट लावलं की ती परात फरशीवर आपटायची. कधी लगेच, कधी उशिरा, कधी आपटायचीच नाही आणि मी घाम पुसत वाट बघायचो.

"अगं, निदान सांगून तरी आपट!"

"बंदूक सांगून वाजती का?"

तिसऱ्या दिवशी घरमालकीण वरून खाली आली. "काय भांडणं लागली का तुमची? या वयात?" बायको म्हणाली, "न्हाई वं माय, बैल शिकवायलेय." मालकीण माझ्याकडं बघत तशीच वर गेली.

हसायचो, पण खरं सांगतो, एका संध्याकाळी मला रडू आलं. खांदा ठणकत होता, गुडघे बोलत होते, पेटी पुन्हा पुन्हा पडत होती आणि मला एकदम आयुष्याचाच कंटाळा आला. मी बंदूक खाटेवर ठेवली आणि म्हणालो, होत नाही माझ्याच्यानं, काढून टाकू द्या. बायकोनं परात बाजूला ठेवली. ती म्हणाली, "पोरीचं एक वरीस राहिलंय. एक वरीस. मंग ती बंदूक भंगारात घाला, मी काय म्हणणार न्हाई." मग तिनं परात उचलली आणि मी बंदूक.

दहाव्या-अकराव्या दिवशी कधीतरी परात आपटली आणि काडीपेटी जागच्या जागी राहिली. मी डोळे मिटले नव्हते. पुढच्या भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा मला दिसत होता, परातीच्या आवाजाच्या आधी, आवाजात आणि आवाजानंतर. बायकोनं पुन्हा आपटली. पुन्हा राहिली.

पंधराव्या दिवशी चांदमारीवर तेच गार्ड, तेच हसणं. मी डावा पाय पुढं टाकला, दस्ता खोबणीत गच्च धरला, गाल टेकवला. अंगठा गेला. अर्धा श्वास. बंदूक वाजली तेव्हा मलाच नवल वाटलं. दणका आला, पण तो गर्दीत कुणी मागं सारावं तसा होता. दुसरं. तिसऱ्याच्या वेळी हवालदारानं पाठ फिरवून बंदूक भरली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, पण मी ते डोक्यात येऊ दिलं नाही. टिक्. नळी तसूभर हलली नाही. मागं कुणी हसलं नाही. मग उरलेली खरी तीन मारली, आणि पाचही काडतुसं माणसाच्या छातीत गेली. हवालदारानं सही केली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बैल कामाला लागला काका." या वेळेस मला राग आला नाही. उलट, लाज वाटते सांगायला, फार आनंद झाला. सत्कारातलं ते खोटं त्या दिवशी खरं झालं असं वाटलं. स्टँडवरून जिलेबी घेतली. तो चाळणी झालेला कागद हवालदारानं मला देऊन टाकला, तो गुंडाळून घरी आणला.

बायकोनं कागद खाटेवर पसरला, भोकांवरून बोट फिरवलं.

"ह्याला नाक-डोळे कावून न्हाईत?"

"चांदमारीच्या माणसाला नसतात."

तिनं कागदाची घडी केली आणि आम्ही जिलेबी खाल्ली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी बँकेत केवायसीचा तमाशा सुरू झाला. कुणाचं आधार जुळत नाही, कुणाचा अंगठा उठत नाही, खाती बंद पडलेली. त्यात सर्व्हर डाऊन. सकाळी आठपासून माणसं दारात, आणि संध्याकाळी आम्ही सांगायचो, उद्या या. असे तीन दिवस. माझा घसा बसला होता. लोक मलाच शिव्या द्यायचे, कारण साहेब आत काचेच्या पलीकडं आणि मी दारात.

त्या गर्दीत एक म्हातारी होती. ती निराधार योजनेच्या पगारासाठी दर महिन्याला येते, एका वस्तीवरून, चालत. सहा वर्षं मी तिची स्लिप भरतोय. माझ्या डोक्याचे केस पांढरे झाले तरी मला ती लेकरा म्हणते. "लेकरा, एवढं लिव की," म्हणत पासबुक काढते आणि माझ्या स्टुलावर बसते, जणू ते तिच्यासाठीच मांडलंय. मी उभ्यानं लिहितो. हरभऱ्याच्या दिवसांत ओच्यात डहाळे आणते. त्या दिवशी ती पहाटेच आली होती आणि मी तिला दाराशी पुढं उभं केलं होतं, लवकर सुटेल म्हणून.

मीच तिला पुढं उभं केलं होतं.

सकाळी कॅशची गाडी आली होती. गाडी येते तेव्हा बंदूक भरून उभं राहायचं असा नियम आहे, आणि गाडी गेली की काडतुसं काढायची. त्या दिवशी गाडी गेली आणि तेवढ्यात मागून रेटा आला, तीन दिवसांचा राग सगळ्यांच्या अंगात. माणसं माणसांवर आली. काचेचं दार खळ्ळकन फुटलं. मला कुणाचं तरी कोपर छातीत बसलं आणि मी भिंतीवर आदळलो. आतून मॅनेजरसाहेब, नवीन, तरुण पोरगा, पहिलीच नेमणूक, किंचाळला, "गार्ड! गार्ड!"

पुढचं मी केलं असं म्हणवत नाही. डावा पाय पुढं गेला. गुडघा सैल झाला. दस्ता खोबणीत बसला, फट राहिली नाही. गाल लाकडाला टेकला. अर्धा श्वास गेला आणि थांबला. एवढा गोंधळ चालला होता, काचा पायाखाली करकरत होत्या, बायका ओरडत होत्या, पण माझे डोळे मिटले नाहीत, नळी हलली नाही. माशीच्या बरोबर वर एक तोंड आलं. त्याला नाक होतं. डोळे होते. कपाळावर हिरवं गोंदलेलं होतं. म्हातारी.

सगळं एकदम गप्प झालं. ती पासबुक छातीशी धरून उभी होती. ओरडली नाही, मागं सरली नाही. मागं सरायला जागाच नव्हती.

मी बंदूक खाली घेतली. तेव्हा बघितलं तर सेफ्टीचा खटका पुढं गेलेला होता, आणि बोट चापावर होतं, नुसतं टेकलेलं नाही, दाबत गेलेलं. नळ्यांत दोन्ही काडतुसं होती. किती दाबायचं राहिलं होतं ते मला माहीत नाही. कधी वाजेल ते कळायला नको, असंच मी शिकलो होतो.

लोक मुकाट्यानं रांगेत लागले. कुणी न सांगता. साहेब बाहेर आला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "वा काका, मानलं! फौजी तो फौजी." मी आतल्या खोलीत जाऊन काडतुसं काढली. एक काडतूस हातातून सुटून टेबलाखाली घरंगळत गेलं आणि ते काढायला मला ओणवं व्हावं लागलं. तसाच खाली बसून राहिलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. सगळं सांगितलं, खटक्याचंही. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले. मग म्हणाली, "जरा बुजायचं तरी, वो."

नोकरी आहे. सही आहे, पुढच्या चांदमारीपर्यंत आहे. पोरीची परीक्षा झाली की बघू असं रोज म्हणतो. दाराला नवीन काच बसली. आता कुणी मला शिव्या देत नाही, नंबर कधी लागेल म्हणून हुज्जत घालत नाही, बंदूक खरी आहे का म्हणून कुणी पोरगा विचारत नाही. काम कसं सोपं झालंय. तरी संध्याकाळी पूर्वीपेक्षा जास्त दमतो.

पुढच्या महिन्यात म्हातारी आली. मी तिला लांबूनच बघितलं, उठलो आणि स्टूल पुढं सरकवलं. ती आली, पण बसली नाही. स्टुलापासून चार पावलांवर उभी राहिली. मी बंदूक भिंतीला टेकवली आणि हात पुढं केला.

"आणा मावशी, पासबुक. लिहून देतो."

तिनं पासबुक पदराखाली घेतलं.

"राहू द्या, साहेब," ती म्हणाली. "तुमाला कशाला तरास."

आणि रांगेतल्या एका अनोळखी बाईकडं वळून तिला स्लिप भरून मागायला लागली.